दात आंबतात म्हणजे काय होते?

उन्हाळ्याच्या सुट्टीत कैरीच्या फोडींना तिखटमीठ लावून त्या तुम्ही खाल्ल्या असतीलच. पहिली फोड झकास लागते, दुसरीही लागते. पण सातआठ फोडी झाल्या की दातांना काहीतरी विचित्र वाटू लागते. दातावर दात घासला तर करकर जाणवते. रात्री भाकरीचा तुकडा नीट चावता येत नाही, थंड पाण्याचा घोट घेतला तर दातांत सणक जाते. मग घरातले कोणीतरी म्हणते, "दात आंबले असतील. आणखी खा कैऱ्या!"

'दात आंबणे' हा शब्दप्रयोग आपण सगळेच करतो. पण जरा विचार करून पाहा. इडलीचे पीठ आंबते, ताक आंबते, हे समजू शकते. दगडासारखा टणक दात कसा आंबेल? चिंच, कैरी, आवळा खाल्ल्यावरच हे का होते? भाकरी, गूळ किंवा शेंगदाणे कितीही खाल्ले तरी का होत नाही? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की, एकदोन दिवसांनी दात पुन्हा ठीक वाटू लागतात, तेव्हा ते खरोखरच पहिल्यासारखे झालेले असतात का?

मी भौतिकशास्त्र शिकवतो. दातांचा डॉक्टर नाही. पण दात आंबण्याची हकीकत निम्मी भौतिकशास्त्राची आणि निम्मी रसायनशास्त्राची आहे. शाळेत शिकलेल्या चारपाच गोष्टी जवळ असल्या की ती तुम्हांला पूर्ण समजू शकेल.

शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ

आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ कोणता, असे विचारले तर पुष्कळ जण 'हाड' असे उत्तर देतात. ते चूक आहे. सर्वांत कठीण असते ते दाताचे बाहेरचे पांढरे कवच. त्याला इनॅमल किंवा दंतवल्क म्हणतात. हाडात वजनाने सुमारे दोन तृतीयांश खनिज असते. दंतवल्कात ते सुमारे ९६ टक्के असते. उरलेल्या चार टक्क्यांत थोडे पाणी आणि किंचित सेंद्रिय पदार्थ. म्हणजे दंतवल्क हा जवळजवळ निव्वळ खनिजच आहे म्हणा ना!

फ्रेडरिक मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांची कठीणता मोजण्यासाठी एक ते दहा अशी श्रेणी तयार केली. या श्रेणीत शंखजिरे पहिले आणि हिरा दहावा. आपले नख सुमारे अडीच, तांब्याची तार तीन आणि खिडकीची काच साडेपाच. दंतवल्काचा क्रमांक साधारण पाच. म्हणजे कठीणतेच्या बाबतीत आपला दात काचेच्या अगदी जवळ पोचतो. मोसच्या श्रेणीत पाचव्या क्रमांकावर जे खनिज आहे त्याचे नाव ॲपेटाइट, आणि दंतवल्क ज्या खनिजाचे बनलेले असते ते त्याच कुळातले आहे. त्याचे पूर्ण नाव हायड्रॉक्सीॲपेटाइट. त्यात कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल हे तीन प्रकारचे आयन शिस्तीत रचलेले असतात.

या खनिजाचे अतिसूक्ष्म, लांबट स्फटिक एकत्र येऊन त्यांच्या काड्या बनतात. एकेका काडीची जाडी सुमारे ५ सहस्रांश मिलिमीटर. अशा लक्षावधी काड्या आतून बाहेरच्या दिशेने दाटीवाटीने उभ्या असतात. आगपेटीत काड्या खच्चून भराव्यात तसा हा प्रकार. दाढेच्या टोकांवर हे कवच सुमारे अडीच मिलिमीटर जाड असते, तर हिरडीकडे ते पातळ पातळ होत जाते. त्याच्या खाली पिवळसर रंगाचा, थोडा मऊ असा थर असतो. त्याला डेंटीन म्हणतात. डेंटीनमध्ये द्रवाने भरलेल्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात आणि त्या आतील मज्जातंतूंच्या दिशेने जातात. या नलिका लक्षात ठेवा. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

मग इतके कठीण कवच कैरीच्या फोडीपुढे का नमते? कारण असे की, कठीणता आणि विद्राव्यता या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी अनेक घरांत शहाबादी फरशी असे. आजही कित्येक घरांत आहे. तिच्यावर वरवंटा घासला तरी तिचे फारसे काही बिघडत नाही. पण लिंबू पिळताना चार थेंब तिच्यावर पडले आणि ते लगेच पुसले नाहीत, तर तेथे कायमचा पांढुरका, खरबरीत डाग पडतो. शहाबादी फरशी हा चुनखडक आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ओरखड्याला दाद न देणारा दगड आम्लात विरघळतो. दंतवल्क कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचे. ते इतक्या चटकन विरघळत नाही आणि विरघळताना बुडबुडेही येत नाहीत. पण शेवटी विरघळतेच.

तोंडातला पाक

आता एक सोपा प्रयोग मनातल्या मनात करू. खडीसाखरेचा एक खडा साध्या पाण्यात टाका. थोड्या वेळाने तो नाहीसा होईल. तसाच दुसरा खडा साखरेच्या संपृक्त पाकात टाका, म्हणजे ज्या पाकात आणखी साखर विरघळूच शकत नाही अशा पाकात. हा खडा दिवसभरानंतरही जसाच्या तसा राहील.

पाकातला खडा विरघळत नाही याचा अर्थ तेथे काहीच घडत नाही असा मात्र नव्हे. खड्याच्या पृष्ठभागावरून साखरेचे रेणू सतत सुटून पाकात जात असतात आणि पाकातले तितकेच रेणू परत येऊन खड्यावर बसत असतात. जाणारे आणि येणारे सारखे, म्हणून खडा तेवढाच दिसतो. यालाच आपण गतिक समतोल म्हणतो. गजबजलेल्या एस.टी. स्थानकावर दर मिनिटाला पन्नास माणसे आली आणि पन्नास गेली, तर गर्दी कायम तेवढीच दिसते, तसेच हे.

आपला दात हा असाच पाकात बुडालेला खडा आहे. हा पाक म्हणजे लाळ! लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे आयन भरपूर असतात. इतके, की दंतवल्काच्या दृष्टीने लाळ नुसती संपृक्तच नव्हे तर अतिसंपृक्त असते. याचा पुरावा हवा असेल तर खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू आरशात पाहा. काहींना तेथे पिवळट, कडक कीटण चढलेले दिसेल. लाळेच्या ग्रंथींची तोंडे तेथे जवळच उघडतात. दातांवरच्या जिवाणूंच्या थरात लाळेतील खनिजे साचून कडक झाली की त्याचे कीटण बनते.

म्हणजे एरवी दातातून जितके आयन सुटतात तितके लाळेतून परत मिळतात. हिशेब बरोबर राहतो. आम्ल येते तेव्हा हा हिशेब बिघडतो.

तो कसा बिघडतो ते पाहू. आम्ल म्हणजे हायड्रोजन आयनांचा पुरवठा करणारा पदार्थ. हे आयन धन विद्युत्‌भाराचे. लाळेतील फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल हे ऋण विद्युत्‌भाराचे. दोघे भेटले की एकमेकांना चिकटणारच. हायड्रॉक्सिलला हायड्रोजन आयन मिळाला की त्याचे साधे पाणी बनते. फॉस्फेटला हायड्रोजन आयन चिकटला की त्याचा भार बदलतो आणि स्फटिकातल्या आपल्या जागी बसण्यास तो निरुपयोगी ठरतो. म्हणजे पाकात साखर असूनही ती परत खड्यावर बसू शकत नाही! पाक जणू एकदम पातळ होतो. दातातून आयन सुटणे चालूच राहते, परत येणे मात्र थांबते. शिवाय हे हायड्रोजन आयन दाताच्या पृष्ठभागावरील फॉस्फेटवरही थेट हल्ला करतात.

लिंबातील सायट्रिक आम्ल याहून एक पाऊल पुढे जाते. त्याचा रेणू कॅल्शियमच्या आयनाला खेकड्याने नांग्यांत धरावे तसा धरून ठेवतो. म्हणजे एकीकडे फॉस्फेट गेले आणि दुसरीकडे कॅल्शियमही अडकले.

दात आंबतात म्हणजे काय होते, ते आता सांगता येईल. नेहमी दातांवर लाळेतील प्रथिनांचा एक अतिशय पातळ, बुळबुळीत पापुद्रा असतो. आंबट पदार्थ भरपूर खाल्ले की या पापुद्र्याचे संरक्षण अपुरे पडते आणि दंतवल्काचा वरचा काही सहस्रांश मिलिमीटरचा थर खनिज गमावून मऊ आणि सूक्ष्म प्रमाणात खरबरीत होतो. म्हणून दातावर दात घासला की करकर जाणवते. जेथे दंतवल्क आधीच झिजून डेंटीन उघडे पडले आहे तेथे त्या सूक्ष्म नलिकांची तोंडे मोकळी होतात. थंड पाणी किंवा वारा लागला की नलिकांतला द्रव हलतो, त्याचा धक्का मज्जातंतूंपर्यंत पोचतो आणि आपण कळवळतो.

जिभेची फसवणूक

आम्लता मोजण्याची पीएच म्हणजेच सामूची पट्टी तुम्हांला शाळेत भेटली असेल. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन सोरेनसेन या शास्त्रज्ञाने ती मांडली. शुद्ध पाण्याचा सामू ७. सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट होते, दोनाने उतरला की शंभरपट. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण सामूचे आकडे दिसायला लहान असतात आणि त्यांच्यामागचा फरक प्रचंड असतो.

लाळेचा सामू ७ च्या आसपास असतो. तो सुमारे ५.५ च्या खाली गेला की लाळेचा 'पाक' दंतवल्काला पुरेनासा होतो. आता काही पदार्थांचे सामू पाहा. लिंबाचा रस २ ते २.६, कोला प्रकारची शीतपेये सुमारे २.५, व्हिनेगर ३ च्या आतबाहेर, संत्र्याचा रस साडेतीन ते चार. सामू ७ आणि सामू २.५ यांत फरक साडेचारांचा. म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण तीस हजार पटींहून जास्त!

येथे एक गंमत आहे. लिंबाची फोड चोखली की आपण तोंड वेडेवाकडे करतो, पण तितक्याच सामूचे शीतपेय घटाघटा पितो. असे का? कारण त्यात साखर असते. साखर आंबटपणा झाकते, काढून टाकत नाही. जिभेला गोड वाटले तरी दाताला समोर दिसतात ते हायड्रोजन आयनच. पुष्कळांना असेही वाटते की शीतपेयांची आम्लता त्यातील बुडबुड्यांमुळे असते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल बनते हे खरे. पण ते दुबळे आम्ल आहे. शीतपेयाच्या आम्लतेचा मोठा भाग मुद्दाम घातलेल्या फॉस्फरिक किंवा सायट्रिक आम्लाचा असतो. बाटली उघडी ठेवून सगळे बुडबुडे घालवले तरी ते आम्ल तेथेच राहते. आंबट गोळ्यांवर जी पांढरी पूड भुरभुरलेली असते तीही बहुधा सायट्रिक किंवा तशाच दुसऱ्या आम्लाची असते, आणि गोळी गालात धरून ठेवली की ते आम्ल एकाच दातापाशी बराच वेळ राहते.

साखरेचा दुसरा अपराध वेगळा. दातांवरच्या चिकट थरातील जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि त्याने दात किडतो. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतशास्त्रज्ञाने १८९० मध्ये आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. कीड आणि झीज यांत गल्लत करू नका. कीड जिवाणूंच्या आम्लाने लागते आणि एखाद्या जागी खड्डा पाडते. आज आपण जिच्याविषयी बोलतो आहोत त्या झिजेला जिवाणू लागतच नाहीत. बाहेरून आलेले आम्ल जेथे जेथे स्पर्श करते तेथला सगळा पृष्ठभाग थोडा थोडा घेऊन जाते. शेताच्या वरच्या मातीची धूप होते ना, तशीच ही दातांची धूप.

न पिता झिजलेले दात

नुसत्या आम्लाच्या स्पर्शाने दात झिजतात, याचे एक अतिशय बोलके उदाहरण अमेरिकेत घडले. व्हर्जिनिया राज्यातील शार्लट्सव्हिल या गावी एका क्लबच्या तलावात नियमित पोहणाऱ्या काही जणांच्या दातांचे दंतवल्क झपाट्याने झिजलेले आढळले. त्यांनी कोणतेही वेगळे पेय घेतले नव्हते. मग क्लबच्या ७४७ सभासदांची पाहणी करण्यात आली. तिचा वृत्तांत १९८३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केला. न पोहणाऱ्यांपैकी फक्त ३ टक्के लोकांनी दात झिजल्याची लक्षणे सांगितली. हौसेने पोहणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के निघाले. आणि पोहण्याच्या संघात असलेल्यांत, म्हणजे जे तासन्‌तास सराव करत त्यांच्यात, ते ३९ टक्के निघाले!

तलावाच्या पाण्याचा सामू मोजला तेव्हा कोडे सुटले. तो होता २.७. असे पाणी ७.२ किंवा त्याहून थोड्या अधिक सामूचे असावे लागते. पाणी निर्जंतुक करण्यासाठी त्यात क्लोरीन वायू सोडला जात असे. क्लोरीन पाण्यात विरघळला की हायपोक्लोरस आणि हायड्रोक्लोरिक अशी दोन आम्ले तयार होतात. त्यांचे उदासिनीकरण करण्यासाठी धुण्याच्या सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ पुरेसा घालावा लागतो. तो हिशेब चुकला आणि तलावभर सौम्य आम्ल साठले.

या आकड्यांतून दोन गोष्टी शिकायच्या. एक, साखर नाही, जिवाणूंचा हात नाही, तरीही दंतवल्क गेले. दुसरी, पाणी तेच, पण जो जितका जास्त वेळ पाण्यात तितकी त्याची झीज जास्त. झिजेच्या हिशेबात वेळ हा फार मोठा घटक आहे.

दही आंबट, तरी दात का आंबत नाहीत?

आता एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, दहीसुद्धा आंबट असते. मग दही खाऊन दात का आंबत नाहीत?"

उत्तम प्रश्न! दह्याचा सामू सुमारे ४ ते ४.५ असतो, म्हणजे ५.५ पेक्षा बराच खाली. नुसता सामू पाहिला तर दह्याने दात झिजायला हवेत. पण प्रयोगशाळेत दंतवल्काचे तुकडे दह्यात ठेवून पाहिले तर त्यांची झीज होत नाही, असे आढळले आहे. याचे उत्तर खडीसाखरेच्या पाकातच आहे. दूध कॅल्शियम आणि फॉस्फेट यांनी समृद्ध असते. दूध आंबून दही होते तेव्हा ते आयन दह्यातच राहतात. म्हणजे दही आंबट असले तरी त्याचा स्वतःचा 'पाक' इतका दाट असतो की दातातून आयन सुटून जाण्याला वावच उरत नाही. लिंबाच्या रसात किंवा शीतपेयात कॅल्शियम अगदीच थोडे असते.

तेव्हा '५.५ च्या खाली गेले की दात विरघळणार' हा नियम सरसकट लागू करू नये. सामू किती, आणि त्या द्रवात कॅल्शियम व फॉस्फेट किती, असे दोन्ही पाहावे लागते. विज्ञानात एकाच आकड्यावर विसंबून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

कोलात रात्रभर दात ठेवला तर सकाळी नाहीसा होतो, अशी एक दंतकथा (दोन्ही अर्थांनी दंतकथाच!) तुम्ही ऐकली असेल. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांवर प्रयोग करून आम्लयुक्त पेयांनी दाढा झिजतात असे १९४९ मध्ये दाखवले होते. पुढच्या वर्षी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका समितीपुढे त्यांनी साक्ष दिली की, कोलात ठेवलेला दात दोन दिवसांत मऊ पडून विरघळू लागतो. लोकांच्या तोंडी गोष्ट फुगत गेली आणि 'मऊ पडतो' याचे 'नाहीसा होतो' झाले. शिवाय आपले तोंड म्हणजे काही पेला नव्हे. तेथे लाळ सतत येत असते.

लाळेचे काम आणि वेळेचा हिशेब

लाळ तीन कामे करते. ती आम्ल धुऊन नेते. तिच्यातील बायकार्बोनेट उरलेल्या आम्लाचे उदासिनीकरण करते. आणि सामू पुन्हा वर आला की कॅल्शियम आणि फॉस्फेट मऊ पडलेल्या थरात परत बसू लागतात. चिंचेच्या नुसत्या आठवणीने तोंडाला पाणी सुटते ते उगीच नव्हे. पण या कामाला वेळ लागतो. आम्ल हटायला काही मिनिटे, तर मऊ थर पुन्हा घट्ट व्हायला काही तास किंवा त्याहूनही जास्त वेळ.

समजा, दोन मुलांनी शीतपेयाची एकेक बाटली घेतली. एकाने ती जेवताना पाच मिनिटांत संपवली. दुसऱ्याने क्रिकेटचा सामना पाहत दर पाच मिनिटांनी एकेक घोट घेत दोन तास पुरवली. पेय दोघांनीही सारखेच प्यायले. पण पहिल्याच्या लाळेने एकदाच झुंज दिली आणि ती जिंकली. दुसऱ्याच्या तोंडातला सामू वर येऊ लागला की पुन्हा एक घोट आलाच. दोन तास त्याचे दात आम्लातच राहिले. म्हणून किती प्यायलो यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ प्यायलो, हा प्रश्न महत्त्वाचा. रात्री झोपेत लाळ फारच कमी सुटते. तेव्हा झोपण्यापूर्वी घेतलेले आंबट पेय दातांना सर्वांत महाग पडते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. आंबलेले दात दोन दिवसांनी पहिल्यासारखे होतात का? थर नुसता मऊ पडला असेल तर लाळ त्यातले पुष्कळसे खनिज परत बसवते. पण त्या मऊ थरावर कशाने घासले गेले, तर तो निघून जातो आणि जो गेला तो गेलाच. हाड मोडले तर जुळते, कारण हाडात जिवंत पेशी असतात. नख कापले तर वाढते. दंतवल्कात मात्र एकही जिवंत पेशी नसते. ते तयार करणाऱ्या पेशी आपले काम संपवून, दात हिरडीबाहेर येता येताच नाहीशा होतात. कारागीर घर बांधून निघून गेले. आता डागडुजीला कोणी नाही.

एक छोटा हिशेब करू. समजा, रोज फक्त एक दशसहस्रांश मिलिमीटर, म्हणजे ०.०००१ मिलिमीटर दंतवल्क जात आहे. हा आकडा केवळ गणितासाठी घेतला आहे. वर्षाला झाले ०.०३६५ मिलिमीटर, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण ३० वर्षांत? १ मिलिमीटरहून जास्त! ज्या कवचाची जाडी मुळात फार तर अडीच मिलिमीटर, त्याच्यातून हे गेले. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. तुम्ही साठ-सत्तर वर्षांचे व्हाल तेव्हाही तीच दाढ चावायला लागणार आहे.

झीज होऊ लागली की सुरुवातीला दात बहुधा दुखत नाही, म्हणून ती उशिरा कळते. पुढच्या दातांच्या कडा पातळ, काचेसारख्या दिसू लागतात. दात पिवळसर दिसतात, कारण पातळ झालेल्या दंतवल्कातून खालचे डेंटीन डोकावते. दाढांच्या टोकांवर लहान लहान वाट्यांसारखे खळगे पडतात. अशी चिन्हे दिसली तर दंतवैद्याला दाखवावे. कोणाला वारंवार घशाशी आंबट येत असेल किंवा उलट्या होत असतील तर डॉक्टरांनाही अवश्य सांगावे. जठरातील आम्लाचा सामू १ ते २ असतो आणि लिंबाहूनही ते तीव्र असते.

स्वतः करून पाहा

पहिला प्रयोग: जास्वंदीच्या चारपाच लाल पाकळ्या कोमट पाण्यात चुरगळा आणि पाणी गाळून घ्या. हा तुमचा दर्शक. त्यातले थोडे लिंबाच्या पाण्यात टाका. रंग गडद गुलाबी होईल. आता त्यात चार चमचे साखर ढवळा. रंग बदलला का? तुमच्या जिभेने आणि जास्वंदीने दिलेली उत्तरे शेजारी शेजारी लिहा.

दुसरा प्रयोग: लहान भावंडाचा पडलेला दुधाचा दात कौलावर फेकण्याआधी मागून घ्या. तीन दात मिळाले तर फारच छान. ते स्वच्छ धुऊन प्रत्येकाच्या अर्ध्या भागाला नखांना लावायचा रंग लावा आणि वाळू द्या. एक दात पाण्यात, एक लिंबाच्या रसात आणि एक दह्यात ठेवा. एका दिवसानंतर बाहेर काढून धुवा, रंग खरवडून टाका आणि भिंगातून दोन्ही भाग पाहा. चमक कोठे गेली आहे? टाचणीने हलकेच ओरखडा काढून पाहा. निरीक्षणे वहीत नोंदवा. हे दात पुन्हा तोंडात घालू नयेत हे सांगायला नकोच.

काय करावे?

हे सारे वाचून लिंबू आणि आवळा सोडून देऊ नका. त्यांतील क जीवनसत्त्व शरीराला हवेच आहे. फक्त आंबट खायचे ते जेवणाबरोबर खावे, कारण तेव्हा लाळ भरपूर सुटत असते. पेय तोंडात घोळवत किंवा तासभर पुरवत पिऊ नये. नळीने प्यायल्यास दातांशी त्याचा संबंध कमी येतो. नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. आपल्याकडे जेवण झाल्यावर चूळ भरण्याची रीत आहे, ती मुळीच टाकू नका.

आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासायला मात्र धावू नये. मऊ पडलेल्या थरावर ब्रश फिरवणे म्हणजे ओल्या गिलाव्यावर खराटा फिरवण्यासारखे आहे. लाळेला अर्धा ते एक तास द्यावा. राखुंडी, विटेची पूड किंवा कोळसा यांनी दात घासणे तर केव्हाही वाईटच. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी. फ्लोराइड स्फटिकात बसले की तो आम्लाला थोडा जास्त दाद देईनासा होतो. तरी लिंबाच्या रसासारख्या तीव्र आम्लापुढे तेही पुरे पडत नाही, हे विसरू नये.

एक काम तुमच्यावर सोपवतो. एका आठवड्यासाठी वहीत एक तक्ता आखा. चिंच, कैरी, सरबत, शीतपेय, आंबट गोळ्या, यांपैकी काय, किती वाजता, आणि किती वेळ तोंडात राहिले ते रोज लिहा. आठवड्याच्या शेवटी मिनिटांची बेरीज करा. ही बेरीज कमी करायला शीतपेय पूर्ण सोडण्याचीही गरज पडणार नाही. पुष्कळदा पिण्याची रीत बदलली तरी ती निम्म्यावर येईल.